छापखान्याची जुनी डिस्क: वेंगुर्ल्यातल्या एका प्रकरणाचा अभ्यास

वेंगुर्ल्याच्या बाजारात एक छोटा छापखाना आहे. मालकांनी तरुणपणी शिशाचे खिळे जुळवले, ट्रेडल चालवले, पुढे ऑफसेट मशीन घेतले. डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पाने लावण्याचे, सारे काम गेली कित्येक वर्षे एकाच ऑपरेटर ताईंच्या हातात आहे. नावे देण्याचे कारण नाही. मालकांना काका आणि ऑपरेटरना ताई म्हणतो, प्रत्यक्षातही तसेच म्हणतो. मी कुडाळला कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. काकांचा निरोप एका वाक्याचा होता: "नवीन कॉम्प्युटर घेतलंय, जुन्यातला सगळा त्यात घालून दी."

श्रावण सुरू होता. चवथीला चाकरमानी गावी यायच्या आत आरतीच्या पुस्तिका, भजनांच्या कार्यक्रमपत्रिका आणि मंडळांची पावतीपुस्तके छापून द्यायची होती. आरतीची पुस्तिका दरवर्षी त्याच फायलीतून निघते. बदलतात ती फक्त मुखपृष्ठावरची नावे आणि मागच्या पानावरच्या जाहिराती. ती फाइल जुन्या कॉम्प्युटरवर होती आणि तो कॉम्प्युटर धड चालत नव्हता.

जुने यंत्र विंडोज एक्सपीचे. त्यात ८० जीबीची आयडीई डिस्क, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलची, ४० पिनांची. पाने लावायचे पेजमेकर ७, चित्रे-लेबले करायचे कॉरलड्रॉ आणि देवनागरी फॉन्टचे एक सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक, म्हणजे जी डबी लावल्याशिवाय ते चालत नाही ती, मागे प्रिंटर पोर्टला स्क्रूने आवळलेली. नवे यंत्र विंडोज ११ चे, ५१२ जीबी एसएसडीचे. त्यात ना आयडीईचे सॉकेट, ना प्रिंटर पोर्ट. नव्या यंत्राच्या दुकानात काकांना सांगितले होते की पेन ड्राइव्हने सगळे इकडचे तिकडे होईल. कोकणातल्या कितीतरी लहान छापखान्यांत, पतसंस्थांत आणि देवस्थानांच्या कचेऱ्यांत हाच सल्ला दिला जातो. तो अपुरा का पडतो, ते या प्रकरणात पायरीपायरीने दिसले, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

आधी यंत्र बंद

जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागत होता. डिस्कमधून मधूनच टक्-टक् आवाज येई आणि ठरावीक एक फोल्डर उघडला की सगळे थिजून जाई. काकांच्या पुतण्याने पेन ड्राइव्हवर कॉपी सुरू केली होती. एका फायलीशी ती अडकली की तो यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचा. मुलगा मनापासून मदत करत होता, पण अशा डिस्कला सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. विंडोज सुरू होताना डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असते, आणि वाचता न येणारी जागा आली की डिस्कचे हेड तिथेच पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते. दुखऱ्या जागेवर असा मारा होत राहिला तर आज वाचता येणाऱ्या फायलीही उद्या जातात.

"काकानू, आता हो अजिबात चालू करू नकात," एवढे सांगून मी डिस्क काढून घेतली. काकांना ते पटायला वेळ लागला. यंत्र समोर चालू दिसते आहे, फायलींची नावेही दिसताहेत, मग काम थांबवायचे कशाला, असे कोणालाही वाटेल. पण नाव दिसणे आणि फाइल शाबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावे एका जागी नोंदलेली असतात, मजकूर दुसऱ्या जागी असतो.

किनाऱ्यालगतच्या यंत्रांचा एक खास त्रास म्हणजे खारी हवा. या डिस्कच्या पिनांवर आणि पॉवरच्या खोबणीत हिरवट थर आला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो साफ केला आणि केबल बदलली. अशा साफसफाईनेच मरगळलेली डिस्क नीट बोलू लागल्याचे मी पाहिले आहे, त्यामुळे पुढचे उपाय करण्याआधी हे जरूर करावे. डिस्कचे वरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. बंद पडू लागलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत थंड धातू बाहेर काढला की त्यावर आत-बाहेर पाणी धरते. तो सल्ला ऐकू नये.

प्रतिमा

माझ्याकडे आयडीई सॉकेट असलेला एक जुना मदरबोर्ड जपून ठेवलेला आहे. यूएसबीचे अडॅप्टरही मिळतात. मात्र साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून त्यांना वेगळा पॉवर सप्लाय हवा. शिवाय बरेचसे अडॅप्टर डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद पुढे पोचवत नाहीत. ती नोंद, म्हणजे स्मार्ट, मला पाहायची होती. त्यात वाचायच्या राहिलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा, आकडा शून्य नव्हता. तिथेच ठरले की फाइल-फाइल कॉपी करायची नाही, आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल एका मोठ्या फायलीत, काढायची.

विंडोजऐवजी लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू केले आणि जीएनयू डीडीरेस्क्यू लावले. हा प्रोग्रॅम पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते ते उचलतो, अडणारी जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी अडलेल्या जागांकडे वळतो. डिस्क आजारी असेल तर हाच क्रम बरोबर: आधी बहुतेक सगळे सुरक्षित करायचे, मग उरलेल्यासाठी झगडायचे. तो एक मॅपफाइलही लिहीत जातो, त्यात कुठपर्यंत वाचले आणि कुठे अडले याची नोंद असते. आपल्याकडे पावसाळ्यात या मॅपफाइलची किंमत कळते. काम मध्यावर आले असताना वीज गेली, यूपीएसने जेवढे धरायचे तेवढे धरले, मग मी यंत्र शांतपणे बंद केले. वीज आल्यावर काम होते तिथूनच पुढे सुरू झाले. साधी कॉपी असती तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा त्याच डिस्कला पळवणे आले असते.

प्रतिमा ज्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायची ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असून चालत नाही. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. ती एनटीएफएस केलेली होती. निरोगी डिस्क असती तर ८० जीबी वाचायला तास-दीड तास पुरला असता. इथे पहिली फेरी संपायलाच रात्र गेली आणि अडलेल्या जागांना त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी डिस्कवरचा फार थोडा भाग वाचायचा राहिला.

थोडा म्हटले तरी तो कोणत्या फायलींत आहे हे कळल्याशिवाय झोप येत नाही. डीडीरेस्क्यूमध्ये त्यासाठी एक सोय आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. न वाचलेल्या जागा आपल्याला हव्या त्या मजकुराने भरता येतात. मी प्रतिमेची आणखी एक प्रत केली, त्या प्रतीत न वाचलेल्या जागी एक खुणेचा इंग्रजी शब्द भरला आणि सगळ्या फायलींत तो शब्द शोधला. ज्या फायलींत तो सापडला त्या जखमी. यादी लहान निघाली: विंडोजच्या स्वतःच्या काही फायली, काही फोटो, काजूच्या पाकिटांच्या लेबलांचा एक संच आणि शिरोड्याच्या १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहावरची एक स्मरणिका. आरतीची पुस्तिका त्या यादीत नव्हती. काकांना तसा फोन केला.

काय घ्यायचे, कुठे ठेवायचे

प्रतिमा फक्त वाचण्यापुरती जोडली आणि ताईंना शेजारी बसवले. हे काम मालकापेक्षा ऑपरेटरबरोबर करावे. काकांच्या मते सगळे काम 'डी' ड्राइव्हवर होते. ताईंनी लगेच सांगितले की चालू कामे डेस्कटॉपवर असतात, आणि घाईची कामे तिथल्याच 'न्यू फोल्डर'मध्ये. एक्सपीत डेस्कटॉप 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'च्या आत असतो, नव्या विंडोजमध्ये 'युजर्स'च्या आत. ज्यांनी फक्त 'डी' उचलला असता त्यांच्या हातून चालू वर्षाचे निम्मे काम सुटले असते. काही फोल्डर रिकामे दिसत होते आणि त्यांच्या जागी शॉर्टकट होते. पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या जुन्या व्हायरसची ती ओळखीची खूण. मूळ फोल्डर लपवलेले असतात, जात नाहीत. त्यांचा लपवण्याचा गुण काढला, एकही प्रोग्रॅम फाइल नव्या यंत्रावर येऊ दिली नाही आणि बाकीचे स्कॅन करून घेतले.

एक्सेलची बिले आणि फोटो विनातक्रार आले. जुन्या परवानग्यांमुळे एका फोल्डरने अडवले, त्याची मालकी बदलून घेतली.

पेजमेकरबाबत एक गोष्ट महत्त्वाची. पानावर लावलेली मोठी चित्रे तो बहुधा पानाच्या फायलीत साठवत नाही, त्यांचा पत्ता लिहून ठेवतो: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक चित्र. पत्ता बदलला की पान उघडते पण देवळाच्या फोटोच्या जागी धूसर ठोकळा दिसतो. म्हणून फोल्डरांची रचना आणि ड्राइव्हची अक्षरे होती तशीच ठेवायची, हा माझा आग्रह होता. काकांना या निमित्ताने सगळे वर्षवार नीटनेटके लावून हवे होते. ते नंतर, पीडीएफच्या पातळीवर करू, असे मी सांगितले. हलवणे आणि आवरणे ही कामे एकाच वेळी केली की हरवले काय, हे कोणालाच सांगता येत नाही.

अक्षरे

फायली नव्या यंत्रावर आल्या, आकार जुळले. ताईंनी देवस्थानच्या अहवालाची जुनी वर्ड फाइल उघडली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. "ही आमची अक्षरां न्हय." पानभर इंग्रजी अक्षरे, उच्चारचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे, कंस आणि टिंबे.

फाइल बिघडलेली नव्हती. मराठी डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत अक्षरांसाठी २५६ जागा असत आणि त्या मुळात इंग्रजी व युरोपीय अक्षरांसाठी नेमलेल्या. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या जागांवर आपली अक्षरे बसवली: एका जागी अर्धा 'क', दुसरीकडे काना, तिसरीकडे रफार. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी निराळी. फायलीत साठवले जातात ते फक्त जागांचे क्रमांक. त्या क्रमांकांना 'गणपती' म्हणून दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसेल तर कॉम्प्युटर प्रामाणिकपणे इंग्रजी अक्षरे दाखवतो. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला स्वतःची १२८ जागांची वस्ती आहे, तिथे 'क' कुठल्याही यंत्रावर 'क'च राहतो. पण छपाईच्या सॉफ्टवेअरला युनिकोडची जोडाक्षरे नीट जमायला बरीच वर्षे गेली, आणि तोवर महाराष्ट्रातली छपाई याच जुन्या फॉन्टांवर चालली. ती चूक नव्हती, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. मात्र त्यामुळे आपल्या लहान गावांचा पंचवीस-तीस वर्षांचा लिखित व्यवहार एकेका फॉन्टच्या आधारावर उभा आहे, आणि ही गोष्ट यंत्र बदलणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे. फॉन्ट मागे राहिला तर मजकूर असूनही वाचता येत नाही.

विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधल्या फायली आमच्या प्रतिमेत होत्याच. पण एक्सपीतले ते सॉफ्टवेअर आणि त्याचे लॉक नव्या यंत्रावर चालणार नव्हते, आणि पेजमेकरचेही तेच. पेजमेकर ७ हे २००१ चे, त्यानंतर मोठी आवृत्ती आलीच नाही. त्याच्या जागी आलेले इनडिझाइन पेजमेकरच्या फायली उघडायचे ते सीएस६ या आवृत्तीपर्यंत. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. नव्या यंत्रावर या फायलींना घर नव्हते.

म्हणून जुन्या यंत्रालाच निरोगी डिस्क द्यायचे ठरवले. जुनी प्रतिमा १२० जीबीच्या एका एसएसडीवर उतरवली, आयडीईचा कन्व्हर्टर लावून ती जुन्या पेटीत बसवली, बायोसची सीआर२०३२ बॅटरी बदलली. विंडोजच्या ज्या फायली जखमी होत्या त्या मूळ सीडीवरून दुरुस्त केल्या. लॉक होते तिथेच होते. यंत्र सुरू झाले, आणि काकांनी इतक्या लवकर ते सुरू झालेले बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे नियमित अपडेट नाहीत, त्यामुळे नेटची केबल कायमची काढून ठेवली. या यंत्राला आता एकच काम: जुनी फाइल उघडणे, किरकोळ बदल करणे आणि पीडीएफ काढणे. पेजमेकर ७ बरोबर पीडीएफ बनवणारा डिस्टिलर हा प्रोग्रॅम येतो; फॉन्ट पीडीएफच्या आतच बसवला की नव्या यंत्रावर पान जसेच्या तसे दिसते.

काकांनी आधीच सांगून ठेवले होते, "आरतीचा पुस्तक पयला व्हया. बाकीचा सावकाश." तीच फाइल पहिली उघडली. ताईंनी मुखपृष्ठ बदलले, जाहिराती घातल्या, पीडीएफ नव्या यंत्रावर नेऊन प्लेट बनवण्यासाठी ट्रेसिंग कागदावर छाप काढला आणि त्याच संध्याकाळी प्लेट मशीनवर चढली.

पीडीएफ छापायला पुरते, पुढच्या कामाला पुरत नाही. त्यातला मजकूर कॉपी केला तर पुन्हा तीच इंग्रजी गिचमिड मिळते. ज्या मजकुराला पुढे दरवर्षी हात लावायचा आहे तो युनिकोडमध्येच न्यावा लागतो. त्यासाठी त्याच फॉन्टच्या कंपनीची नवी आवृत्ती काकांनी विकत घेतली. तिच्यात जुन्या मांडणीतून युनिकोडमध्ये बदलण्याची सोय आहे, आणि ताईंच्या बोटांत बसलेला मराठी टाइपरायटरचा कळफलकही आहे. नुसत्या विंडोजच्या इन्स्क्रिप्ट या वेगळ्या मांडणीच्या कळफलकावर त्यांना बसवले असते तर चवथीच्या घाईत कामच थांबले असते. माणसाची वर्षानुवर्षांची सवय हाही जुन्या यंत्रावरून हलवायचाच ऐवज आहे, असे मी मानतो.

बदललेला मजकूर वाचल्याशिवाय वापरू नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. मजकूर बदलणाऱ्या कन्व्हर्टरला ती उचलून मागे न्यावी लागते आणि जोडाक्षर आले की तो कधी कधी चुकतो. त्याहून वाईट अवस्था अर्ध्या 'र'ची झाली. देवस्थानच्या अहवालात 'मानकऱ्यांची यादी' होती, ती 'मानकर्यांची' झाली. 'गावकऱ्यांना', 'पुजाऱ्यांचे', 'आचऱ्याचा', सगळीकडे तेच. हिंदीच्या हिशेबाने बनवलेल्या कन्व्हर्टरला हा 'र' ठाऊक नसतो, पण मराठीसाठी आहे म्हणणाऱ्यालाही तो प्रत्येक वेळी जमतो असे नाही. तो सरसकट 'शोधा-बदला'ने दुरुस्त करता येत नाही, कारण 'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' यांतला रफार बरोबरच असतो. ताईंनी छापील प्रत शेजारी ठेवून एकेक शब्द तपासला.

पडताळा

फायलींची संख्या आणि आकार जुळले म्हणजे काम झाले, असे मी धरत नाही. ताईंनी प्रत्येक वर्षातली, प्रत्येक प्रकारची एक तरी फाइल उघडली आणि छापील प्रतीशी ताडून पाहिली: लग्नपत्रिका, पावतीपुस्तक, आंब्याच्या पेटीचे लेबल, शाळेची स्मरणिका. काकांनी प्रत्येक कामाची एक छापील प्रत कपाटात जपून ठेवण्याची जुनी रीत मोडलेली नाही. खिळ्यांच्या काळापासूनची ही शिस्त इथे फार उपयोगी पडली.

सत्याग्रहाच्या स्मरणिकेची फाइल पेजमेकरने उघडलीच नाही. कपाटात तिची एक जुनी सीडी होती, दमट हवेने तिच्यावर बुरशीचे ठिपके आलेले. सीडीवर मजकूर अर्धाच मिळाला, तोही प्रूफ वाचण्याआधीचा. उरलेला भाग छापील प्रतीवरून ताई पुन्हा टाइप करताहेत, थेट युनिकोडमध्ये. लेबलांचा संच काकांनी सोडून दिला; तो गिऱ्हाईक आता धंद्यात नाही.

आता प्रती कुठे आहेत ते सांगतो. नव्या यंत्रावर एक. बाहेरच्या डिस्कवर दुसरी, तिच्यासोबत मूळ प्रतिमा आणि फॉन्ट. ही डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह काकांच्या घरी, छापखान्यात नाही. चिपळुणात २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत यंत्र आणि बॅकअप एकाच टेबलावर होते, दोन्ही एकदम गेले. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने आपल्या जिल्ह्यात वीज कित्येक दिवस घालवली, हेही काकांना चांगले आठवते. चालू कामाची तिसरी प्रत रोज रात्री इंटरनेटवर चढते. सगळा जुना साठा मी तिथे चढवलेला नाही. इथल्या वेगाने ते काम रेंगाळले असते आणि रेंगाळलेला बॅकअप अर्ध्यावर सोडून दिला जातो.

मूळ आयडीई डिस्क पुसलेली नाही. नवी व्यवस्था वर्षभर, म्हणजे जत्रा, लग्नसराई आणि आंब्याचा हंगाम पार पडेपर्यंत, तावून निघाल्याशिवाय ती पुसायची नाही, असे काकांशी ठरले आहे.

देवस्थानचे अहवाल युनिकोडमध्ये आले आणि तपासून झाले. दशावतारी नाट्यमंडळांच्या हँडबिलांचा फोल्डर बाकी आहे. कार्तिकात जत्रा सुरू होतात, त्याआधी तो पुरा करायचा असे ताईंनी ठरवले आहे, आणि अर्ध्या 'र'चे शब्द त्या एका वहीत लिहून ठेवताहेत, म्हणजे पुढच्या फोल्डरला शोधायला सोपे जाईल.